बिनदातांची कवडी खोटी नव्हे

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. बडोद्याच्या दांडिया बाजारातलं जुनं घर रिकामं करताना सासूबाईंच्या देवघरात, पितळी डब्यात, लाल कापडात बांधलेल्या ७८ कवड्या निघाल्या. बऱ्याचशा पिवळसर, काही पांढऱ्या आणि पाठीवर सोनेरी कडं असलेल्या, चार-पाच पांढरी भुकटी धरलेल्या. एक तुटलेली माळ. आणि एक पातळ, हलकी, दातच नसलेली कवडी. पूजेच्या सामानाच्या दुकानदाराने ही शेवटची बघून ‘नकली आहे, बाकीच्यांतही भेसळ असणार’ असं सांगितलं, आणि त्याच दमात पिवळ्या कवड्या ‘लक्ष्मी कवडी’ म्हणून घ्यायची तयारीही दाखवली. शेजारणीने व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवायला सांगितलंय. मुलाला द्वारकेच्या किनाऱ्यावर एक ठिपक्यांची कवडी मिळालीय, ती ठेवण्यात कायद्याचं काही लचांड आहे का, हेही विचारलंयत.

व्हिनेगर आणलं असेल तर ते लोणच्याला वापरा. बाकीचं सावकाश सांगते.

मी बडोद्यात तीसेक वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. त्यातला बराच काळ शंखशिंपल्यांच्या कपाटांपुढे गेला, सुट्ट्या ओखा आणि जामनगरच्या चिखलात गेल्या. आता निवृत्त आहे, पण दिवाळीची साफसफाई झाली की कोणी ना कोणी पिशवीत काहीतरी घेऊन येतंच. तुम्ही पाठवलेले फोटो मोठे करून पाहिले. त्या बिनदातांच्या कवडीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते.

ती नकली नाही. ते कवडीचं पिल्लू आहे.

कवडी जन्मतः कवडीसारखी दिसतच नाही. अंड्यातून निघालेला जीव आधी पाण्यात तरंगतो, मग तळाशी बसतो आणि साध्या गोगलगाईसारखं वेटोळं घालत शंख वाढवू लागतो. त्या वयात शंखाचं कवच पातळ असतं, तोंड ऐसपैस उघडं, काठ कागदासारखा धारदार, आणि एका टोकाला वेटोळ्याचा छोटा शेंडा स्पष्ट दिसतो. तुमच्या फोटोत डावीकडच्या टोकाला जी बारीक टेंगळी दिसतेय ना, तोच शेंडा. पाठीवर निळसर-राखाडी आडवे पट्टे आहेत, तेही या वयाचेच. मग प्राणी वयात आला की एक मोठी उलथापालथ होते. बाहेरचा काठ आत वळतो. ऐसपैस तोंडाची अरुंद फट होते. फटीच्या दोन्ही कडांवर दात उगवतात. शेंडा थराखाली गाडला जातो. आणि तिथे लांबीची वाढ संपते, कायमची. त्यानंतर कवडी फक्त जाड होत जाते. कडेला फुगते, पाठीवर गाठी धरते, पण एक मिलिमीटरनेही लांब होत नाही.

वर्गात मी दोन कवड्या टेबलावर ठेवून विचारायची, यातली लहान कोण? एक दीड सेंटीमीटरची, दात आलेली, गाठींनी भरलेली. दुसरी अडीच सेंटीमीटरची, पातळ, बिनदातांची. सगळा वर्ग एका सुरात चुकायचा. दीड सेंटीमीटरवाली आजी असते हो, आणि अडीचवाली अजून शाळेत जाणारी. तेव्हा त्या दुकानदाराला फार दोष देऊ नका, पण त्याच्या भरवशावर काही विकूही नका. एवढ्या पातळ कवचाची कवडी वाहतुकीत, मोजामोजीत टिकत नाही, फुटून जाते. ती तुमच्या घरी शाबूत राहिली हेच नवल. कापसात गुंडाळून वेगळी ठेवा.

आता चकाकीबद्दल, कारण व्हिनेगरचा मुद्दा तिथेच येतो. बहुतेक शंखांतला प्राणी कवच आतून बांधतो. बाहेरची बाजू लाटा, वाळू, शेवाळ यांच्या हवाली. म्हणून समुद्रातून काढलेला साधा शंख बाहेरून खरबरीत आणि आतून गुळगुळीत असतो. कवडीचं उलटं. तिच्या अंगाचा एक पातळ मांसल पडदा फटीतून दोन्ही बाजूंनी बाहेर येतो आणि शंखावर चढून पाठीवर मधोमध भेटतो. जिवंतपणी शंख बहुतेक वेळ या पडद्याखाली झाकलेला असतो, आणि पडदा त्यावर बाहेरून चुन्याचे थर चढवत राहतो. वर काही उगवत नाही, ओरखडा पडला तरी भरून निघतो. इतर गोगलगाईंना दार लावायला जी चकती असते तीही कवडीला नाही. अरुंद फट आणि दात, एवढाच तिचा बंदोबस्त.

मी जिवंत कवडी पहिल्यांदा पाहिली ती कवरत्तीला, लक्षद्वीपमध्ये. ओहोटी होती, गुडघाभर पाणी. बरोबरच्या मुलाने मेलेल्या पोवळ्याची एक लादी उलटी केली, खाली काळपट मऊ गोळे चिकटलेले. मला वाटलं समुद्रकाकडीची पिल्लं. मुलगा हसला आणि त्याने एकावर हळूच टिचकी मारली. काळा गोळा दोन्ही बाजूंनी आकसायला लागला, मधोमध एक पिवळी रेघ उघडली, ती रुंद होत गेली, आणि चार-पाच सेकंदांत हातावर ओली, पिवळीधमक कवडी. अशी चकाकी मी कुठल्याच देवघरात पाहिलेली नाही. बघून झाल्यावर त्याने लादी पुन्हा होती तशीच पालथी घातली. ती पालथी घालणं महत्त्वाचं. खालच्या बाजूला अंडी असतात आणि मादी त्यांच्यावर बसून असते, उन्हात उघडी पडली तर सगळं मरतं.

सांगायचं हे की ही चकाकी म्हणजे वरून दिलेलं पॉलिश नाही, प्राण्याने जिवंतपणी रोज सांभाळलेला शेवटचा थर आहे. प्राणी गेला की तो थर एकदाच मिळालेला. कवडी म्हणजे चुनाच, कॅल्शियम कार्बोनेट. व्हिनेगर, लिंबू, चिंच, बाथरूमचं अ‍ॅसिड, यांतलं काहीही लागलं की बारीक बुडबुडे येतात. लोकांना वाटतं मळ निघतोय. मळ नाही, कवडी निघतेय.

हे मी पुस्तकातून शिकले असते तर बरं झालं असतं. लग्न होऊन शियापुऱ्यात राहायला आले तेव्हा आजेसासूबाईंच्या सारीपाटाच्या सहा कवड्या होत्या, पिढ्यानपिढ्या हात फिरून हस्तिदंतासारख्या झालेल्या. मी नवी नवी एमएस्सी. पितांबरीने तांबं चमकतं तसं यांनाही चमकवू म्हणून प्रयोगशाळेतलं पातळ केलेलं अ‍ॅसिड घरी आणलं. मिनिटभर बुडवल्या. बाहेर काढल्या तेव्हा स्वच्छ होत्या, पण खडूसारख्या पांढऱ्या, आणि जिथे पाठ झिजलेली होती तिथे खालचा जांभळट थर उघडा पडलेला. आजेसासूबाईंनी एक हातात घेतली, अंगठा फिरवला आणि ‘आता घरंगळत नाहीत ग’ एवढंच म्हणाल्या. त्या सहा कवड्या अजून माझ्याकडे आहेत. विद्यार्थ्यांना दाखवायला उपयोगी पडल्या.

तुमच्या डब्यात दोन जाती आहेत. पिवळ्या, कोनेदार, पाठीवर टेंगळं असलेल्या त्या मोनेटारिया मोनेटा. लिनिअसने १७५८ साली नाव दिलं तेव्हाच तिच्या नावात ‘नाणं’ घातलं. दुसरी, अंडाकृती, गुळगुळीत, पाठीवर केशरी-सोनेरी कडं असलेली ती मोनेटारिया अ‍ॅन्युलस, म्हणजे अंगठीवाली. दोघी बहिणी. दोन्ही खऱ्या. रसशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत भस्मासाठी जी वराटिका, म्हणजे कवडी, उत्तम सांगितली आहे ती पिवळसर आणि पाठीवर गाठी असलेली, म्हणजे वर्णन बरोबर मोनेटाचं. बाजारात पिवळीचा जो तोरा आहे त्याचं मूळ अशा वर्णनांत असावं असं मला वाटतं. सोनेरी कड्याची बिचारी मागे पडली, वास्तविक दिसायला तीच देखणी.

पण म्हणूनच पिवळ्या रंगात फसवणूक चालते. पांढऱ्या, जुनाट कवड्या रंगात बुडवून ‘लक्ष्मी कवडी’ होतात. खरा पिवळा रंग फिका असतो, लिंबाच्या सालीपेक्षा लोण्याच्या जवळचा, आणि एकसारखा नसतो. पाठीवर जास्त, कडेकडे कमी, पोटाकडे जवळपास पांढरा. रंगवलेली कवडी पोटाकडूनही पिवळी असते, आणि दातांच्या खाचांत रंग गडद साचलेला दिसतो. ओल्या कापसाने पाठ पुसली की बहुतेक वेळा कापूस बोलतो. प्लास्टिकची ओळखणं तर सोपंच आहे. ओठाला लावून बघा, खरी कवडी थंड लागते, प्लास्टिक लागत नाही. दोन कवड्या एकमेकींवर आपटल्या की खऱ्यांचा आवाज चिनी मातीच्या बशीसारखा.

इथे एक अडचण आहे, आणि ती तुम्हाला नक्की येणार. देवघरातल्या कवडीच्या दातांत पिवळं साचलेलं असतंच, ते हळदीचं. ते पाहून ती रंगवलेली समजू नका. परीक्षा पाठीवर करा, दातांवर नाही. आणि कपड्याच्या साबणाने किंवा सोड्याने धुऊ नका, कारण हळदीला क्षार लागला की ती लाल होते. आपलं कुंकू पूर्वापार याच युक्तीने बनतं, हळद आणि चुना. फत्तेपुऱ्यातल्या एका बाई एकदा रात्री नऊ वाजता रिक्षाने माझ्याकडे आल्या होत्या. कवड्या धुवायला घेतल्या आणि प्रत्येकीच्या तोंडातून रक्त यायला लागलं म्हणून. नवरात्राचे दिवस, त्यात घरात देवीच्या आराध्यांची परंपरा, बाईंचे हात थरथरत होते. मी वाटीत चिमूटभर हळद घेतली, साबणाचं पाणी घातलं, लाल झालं. मग लिंबू पिळलं, पुन्हा पिवळं. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘म्हणजे कोप नाही?’ नाही हो, धुण्याचा साबण.

आता त्या दुकानदाराने दाखवलेल्या भावाबद्दल. तुमच्या यजमानांचं म्हणणं, पणजोबा सरकारवाड्यात कारकून होते, तेव्हा हा सरकारी तिजोरीतला पैसा असणार. कल्पना छान आहे, पण मला पटत नाही.

कवडी नाणं होती हे खरंच. आणि ती का होती याचं उत्तर त्याच बिनदातांच्या पिल्लात आहे. वयात आली की लांबी थांबते, म्हणून एका बेटावरच्या हजारो कवड्या जवळपास एका मापाच्या निघतात. कुणी टाकसाळीत पाडाव्यात तशा. फुटत नाहीत, गंजत नाहीत, कुजत नाहीत, आणि खोटी बनवायला खरीपेक्षा जास्त खर्च येतो. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी लीलावतीच्या सुरुवातीला नाण्यांचं कोष्टक दिलं, त्यात पहिली पायरी कवडीची आहे. २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म, १६ द्रम्मांचा एक निष्क. गुणाकार केला तर निष्काला २०,४८० कवड्या. मोजणाऱ्याचे हाल सोडून द्या.

या कवड्या यायच्या मुख्यतः मालदीवहून, काही लक्षद्वीपहून. चौदाव्या शतकात इब्न बतूता मालदीवमध्ये काझी होता. त्याने लिहून ठेवलंय की लोक समुद्रातून कवड्या गोळा करून किनाऱ्यावर खड्ड्यांत घालतात, मांस कुजून जातं, पांढरं हाड राहतं. तिथे एका सोन्याच्या दिनाराला ४ लाख कवड्या मिळत, स्वस्ताई असेल तेव्हा १२ लाखांपर्यंत. बंगालचे व्यापारी तांदूळ देऊन त्या नेत. पुढे हाच माणूस पश्चिम आफ्रिकेत मालीला पोचला, तर तिथे दिनाराला ११५०. हा एवढा फरक पाहिलात की पुढच्या शतकांत काय झालं ते सांगायची गरज उरत नाही. डच आणि इंग्रज व्यापाऱ्यांनी हिंदी महासागरातल्या कवड्या जहाजाच्या तळात भरताड म्हणून नेल्या आणि गिनीच्या किनाऱ्यावर त्या मोजून माणसं विकत घेतली. कवडीमोल हा शब्द मी तेव्हापासून जरा जपून वापरते.

आपल्या खंभातची जहाजंही मालदीवला जात, कवड्या आणत. पण गुजरातच्या बाजारात सुट्ट्या पैशाचं काम सतराव्या शतकात चक्क कडू बदामांनी केलं, इराणहून आलेल्या. खाण्याच्या लायकीचे नाहीत म्हणून कोणी खाऊन टाकत नाही, हाच त्यांचा गुण. ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने तसं नोंदवलंय. कवडीचं राज्य होतं बंगाल-ओरिसाकडे. आणि गायकवाडांच्या बडोद्यात तर बाबाशाही रुपये आणि पैसे होते. कारकुनाच्या तिजोरीत कवड्या असायचं कारण दिसत नाही.

माझ्या मते तुमच्या कवड्या देवीच्या आहेत. तुटलेल्या माळेचा फोटो पाहा. प्रत्येक कवडीच्या पाठीला, एका टोकाकडे, भोक आहे आणि त्या भोकाच्या कडा तिरक्या, घासलेल्या आहेत. कवडी दगडावर घासून पाठ पातळ केली, मग टोचली. गिरमिटाने पाडलेलं भोक सरळ, गोल असतं. आत जांभळी झाक दिसतेय, तो खालचा थर. घासण्याची ही पद्धत माळ ओवणाऱ्याची. तुळजापूरच्या भवानीला, माहूरच्या रेणुकेला कवडीची माळ, गोंधळ्याच्या गळ्यात तीच, आराध्याच्या परडीत तीच. बडोद्याच्या मराठी घरांत लग्नानंतर गोंधळ घालायची रीत अजून आहे. तेव्हा डब्यातल्या सुट्या कवड्या म्हणजे जुन्या माळांच्या उरलेल्या असाव्यात. पैशाच्या दृष्टीने म्हणाल तर साध्या कवड्या घाऊक बाजारात आजही किलोवर मिळतात. दुकानदार एकेका नगाचा भाव सांगतोय तो कवडीचा नाही, लक्ष्मीचा आहे. विकायच्या असतील तर विका, तुमचा प्रश्न. मी विकल्या नसत्या.

पांढरी भुकटी धरलेल्या चार-पाच मात्र आजच बाजूला काढा. ती बुरशी नाही. लाकडातून, विशेषतः नव्या लाकडातून, प्लायवूडमधून आणि पुठ्ठ्यातून व्हिनेगरसारखी आम्लाची वाफ सुटत असते. दमट हवेत ती कवडीच्या चुन्याला खाते आणि वर क्षाराची पांढरी भुकटी धरते. सव्वाशे वर्षांपूर्वी बाइन नावाच्या इंग्रज संग्राहकाने याचं वर्णन केलं, त्याला वाटलं हा जंतूंचा रोग आहे. जंतू नव्हते, कपाटच होतं. तरी नाव पडलं ते पडलंच, बाइनचा रोग. मी जिथे काम केलं त्यांपैकी एका ठिकाणी जुनी लोखंडी कपाटं काढून हौसेने प्लायवूडची नवी केली, वॉर्निशसकट. दोन पावसाळे गेले आणि तिसऱ्या वर्षी ड्रॉवर ओढला तर आत पिठाची गिरणी. चाळीस वर्षांचे नमुने. कपाटं छान दिसतात म्हणून ती बदलायला कोणी तयार नव्हतं, शेवटी मी एका रविवारी घरून स्टीलचे डबे नेले.

तुमचा डबा पितळी आहे, मग भुकटी कशी, असं विचाराल. तुम्हीच लिहिलंय, डबा लाकडी देव्हाऱ्याच्या खालच्या खणात होता आणि घर चार वर्षं बंद. बडोद्याचे चार पावसाळे बंद घरात म्हणजे पुष्कळ झालं. त्या कवड्या साध्या पाण्यात दिवसभर ठेवा, दोन-तीनदा पाणी बदला, मऊ ब्रशने भुकटी काढा, सावलीत पूर्ण वाळवा. खाल्लेली चकाकी परत येणार नाही, पण खाणं थांबेल.

बाकीच्यांना कोमट पाणी, त्यात लहान मुलांच्या शांपूचे दोन थेंब. जुन्या तेलातुपाचा थर असेल तर अर्धा तास राहू द्या. मऊ दात-ब्रश फिरवा, दातांच्या खाचांत लाकडी टूथपिक, टाचणी अजिबात नाही. गरम पाणी ओतू नका, चकाकीला तडे जातात. नंतर सुती पंचावर फट खाली करून ठेवा, आतलं पाणी निथळायला दोन-तीन दिवस लागतात. घाईने डब्यात भरल्या तर वास येईल. शेवटी बेबी ऑइलचा एक थेंब बोटावर घेऊन पुसट हात फिरवला की पुरे. खोबरेल किंवा तिळाचं नको, चिकट होतं आणि धूळ धरतं. नेलपॉलिश, वॉर्निश यांचं नावही काढू नका. खाचांतली हळद पूर्ण निघाली नाही तर राहू द्या. ती कोणीतरी कधीतरी हाताने वाहिलेली आहे.

माळ पुन्हा ओवायची तर पक्का सुती दोरा घ्या आणि दोन कवड्यांमध्ये गाठ मारा, म्हणजे त्या एकमेकींना घासणार नाहीत. मांडवीच्या आसपास एखादा जुना पटवेकरी भेटला तर त्याच्याकडून करून घ्या, त्याच्या गाठीची सर आपल्याला येत नाही. लोखंडी तार आणि इलास्टिक दोन्ही टाळा.

मुलाची कवडी. फोटोत बदामी पाठीवर पांढरे ठिपके आहेत आणि काही ठिपक्यांच्या मधोमध काळा बिंदू, डोळ्यासारखा. ही ओसेलाटा नावाची जात, आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचीच. डब्यातल्या पिवळ्या मात्र पोवळ्यांच्या बेटांच्या रहिवासी. खंभातच्या आखातात शोधायला जाल तर चिखलाशिवाय काही मिळणार नाही. मही, नर्मदा, तापी, साबरमती सगळ्या तिथेच गाळ ओततात, आणि भरती-ओहोटीत दहा मीटरच्या आसपास फरक. कमाटी बागेतल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा जो प्रचंड सांगाडा आहे, तो १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आलेला. आपल्या जवळच्या समुद्राने आपल्याला देवमासा दिला, पण कवडी काही दिली नाही.

कायद्याचं असं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत २००१ साली शंखशिंपल्यांच्या काही जाती घातल्या गेल्या. त्यांत कवड्या तीन आहेत, लिमासिना, मॅपा आणि टाल्पा. २०२२च्या दुरुस्तीने परिशिष्टांची मांडणी बदलली आहे. तुमच्या डब्यातल्या दोन्ही जाती आणि मुलाची ओसेलाटा या तिघींत नाहीत, तेव्हा घाबरायचं कारण नाही. मात्र कच्छच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान, जामनगरकडचं नरारा, पिरोटन वगैरे, तिथून मेलेला शंखही खिशात घालायचा नाही. मुलगा पुढे तिकडे सहलीला जाईल तेव्हा हे सांगून ठेवा. आणि कुठेही गेला तरी रिकामी दिसणारी कवडी उचलण्याआधी आत बघ म्हणावं. कधी मूळ मालक असतो, कधी भाडेकरू खेकडा.

शेवटची एक गोष्ट, माझ्या डोक्यात सकाळपासून घोळतेय. ७८. लीलावतीच्या हिशेबाने ८० कवड्यांचा एक पण होतो, आणि आपल्याकडे चार-चारचे गंडे मांडून कवड्या मोजायची जुनी सवय होती. २० गंडे म्हणजे ८०. सासूबाईंनी किंवा त्यांच्याही सासूबाईंनी मोजून ८० ठेवल्या असतील तर दोन कुठे गेल्या? देव्हाऱ्याचे खण पूर्ण बाहेर काढून मागे हात घालून बघा. आणि नणंदेला विचारा, लहानपणी सारीपाट कोणत्या कवड्यांनी खेळायच्या म्हणून.